निद्रा, चिंता व घरगुती उपचार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या महिला मंडळाने यंदा मला 'निद्रानाश व मनाची चिंता यांवर घरगुती वनौषधी' हा विषय नेमून दिला. मी वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. मॅट्रिक होऊन शिक्षकाचे प्रशिक्षण घेतलेला आणि सारा जन्म मराठी शाळेत फळ्यापुढे काढलेला मनुष्य आहे. तेव्हा हा विषय माझ्याकडे का आला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. मंडळाच्या चिटणीस भगिनींना मी तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, जायफळाची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायची आहे." आपल्या ज्ञातीत कोणतीही वार्ता फार काळ झाकून राहत नाही, हे मला त्या वेळी नव्याने कळले. असो. ती गोष्ट सांगतो. तिच्यापेक्षा अधिक लाज वाटावी अशी दुसरीही एक गोष्ट मला सांगावयाची आहे. ती मात्र आजवर झाकून राहिली आहे.

मी २०१६ साली सेवानिवृत्त झालो. २०१८ च्या पावसाळ्यात माझी पत्नी निवर्तली. शाळा गेली होतीच. घरातील बोलणेही गेले. दिवस कसाबसा सरे, परंतु रात्र सरेना. नऊ वाजता अंथरुणावर पडावे, अकराचे टोले ऐकावेत, मग एकाचे, मग तीनचे. पहाटे डोळा लागावा तो कोंबडा आरवावा. छातीत धडधड होई, आणि काही कारण नसताना काहीतरी अशुभ घडणार असे वाटत राही.

मी हे कोणापाशी बोलावयाचा अवकाश, की औषधांचा वर्षाव सुरू झाला. थोरल्या आक्कांनी जायफळ उगाळून दुधातून घ्यावयास सांगितले. शेजारच्या काकांनी काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळावयास सांगितले. व्याह्यांनी अश्वगंधाच्या चूर्णाचा डबा पाठविला. मेहुण्यांनी ब्राह्मीचे तेल आणले. मुंबईच्या पुतण्याने कॅमोमाइल नावाच्या विलायती फुलांच्या चहाचे खोके धाडले. प्रत्येकाच्या सांगण्यात माया होती आणि प्रत्येकाची खात्री होती की, आपला उपाय रामबाण आहे. मी कोणाचेच मन मोडले नाही. सारे उपाय एकदमच सुरू केले.

त्यांतले जायफळ मला त्यातल्या त्यात मानवले. सहाणेवर दोन वेढे उगाळून गरम दुधातून घेतले की अंगात थोडी सुस्ती येई. पुढे दोन वेढ्यांनी भागेना. चार केले, मग दहा. शेवटी जानेवारीतील एका रात्री, दोन रात्री मुळीच झोप नसताना, मी एक अख्खे जायफळ किसून दुधात घातले व पिऊन टाकले. झाडाचे फळ, देवाची देणगी, त्याने काय होणार आहे, असा माझा विचार होता. चार तासांनी जे झाले ते आठवले की अजून अंगावर शहारे येतात. तोंडाला कोरड पडली, नाडी सुसाट धावू लागली, भिंती हलू लागल्या. माझ्या दिवंगत पत्नीशी मी मोठ्याने बोलत होतो, असे सूनबाईंनी मागाहून सांगितले. मुलाने मला पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पुरता शुद्धीवर यावयास मला दीड दिवस लागला.

जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. चिमूटभर जायफळ श्रीखंडात, बासुंदीत किंवा दुधात घातले तर त्याने अपाय होत नाही. परंतु एक अख्खे जायफळ साधारणतः पाच ते सात ग्रॅम भरते, आणि पाच ग्रॅमच्या आसपास पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. तीही लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसते. म्हणून घेणाऱ्याला वाटते, अजून काही गुण नाही, आणखी थोडे घ्यावे. आपल्या कोकणात जायफळाच्या बागा आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जातीही काढल्या आहेत. म्हणजे हे विष-अमृत आपल्या परसातच उगवते. बाळगुटीत आजीबाई जायफळाचा एखादाच वेढा देत असे, दुसरा देत नसे. हा तिचा कंजूषपणा नव्हता. मात्रेचे ज्ञान तिच्यापाशी होते. आपण औषधाचे नाव तेवढे लक्षात ठेवले आणि मात्रा विसरलो.

दवाखान्यातील डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढ्या होत्या. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "गुरुजी, रात्री किती वाजता अंथरुणावर पडता?" नऊ, म्हणालो. "उठता किती वाजता?" सहा. "त्यांत प्रत्यक्ष झोप किती?" फार तर पाच तास. "दुपारी झोपता?" दीड-दोन तास. करायचे काय दुसरे? "चहा?" पाच वेळा; शेवटचा रात्री जेवणानंतर, पण तो गवती चहा घातलेला, म्हणजे औषधीच. त्या हसल्या. म्हणाल्या, "गवती चहाबरोबर त्यात चहाची पूड होती ना?"

होती. आपल्याकडे गवती चहा म्हणजे चहाची पूड, साखर, आले व दूध यांत टाकलेली दोन पाती. पातींत उत्तेजक द्रव्य नसते; पुडीत कॅफीन असते. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे उतरावयास सुमारे पाच तास लागतात, म्हाताऱ्या शरीरात काहींना अधिकही. म्हणजे रात्री नऊला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री दोन वाजता शिल्लकच. मी एका हाताने झोपेचे औषध घेत होतो आणि दुसऱ्या हाताने जागरणाचे.

नंतर त्यांनी मला एक वही घालावयास सांगितली. मी मास्तर, हजेरीपट मांडण्यात माझा जन्म गेला. पंधरा दिवस झोपेचा हजेरीपट मांडला. अंथरुणावर नऊ तास, झोप पाच तास. म्हणजे शेकडा ५५ हजेरी. एवढी हजेरी असलेल्या मुलास आम्ही परीक्षेस बसू देत नसू. बाई म्हणाल्या, "आता वर्गच लहान करू." रात्री साडेअकरापूर्वी अंथरुणाला पाठ लावावयाची नाही आणि झोप लागो वा न लागो, पहाटे पाचला उठावयाचे. दुपारची झोप बंद. अंथरुणावर पडून अदमासे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, मंद उजेडात काही साधे वाचावे आणि पेंग आली म्हणजेच परत जावे. उशाचे घड्याळ काढून टाकावे.

पहिला आठवडा मी त्यांना मनातून पुष्कळ दूषणे दिली. दिवसा डुलक्या येत. तिसऱ्या आठवड्यात मात्र साडेपाच तासांत पाच तास झोप भरू लागली. शेकडा ९० हजेरी! मग पंधरा मिनिटे वाढविली, पुढे आणखी पंधरा. अडीच महिन्यांनी मी पावणेअकरा ते पाच झोपू लागलो. ही रीत काही आमच्या तालुक्यातील शोध नव्हे. अंथरूण केवळ झोपेसाठीच वापरावे, हा नियम अमेरिकेतील बूट्झिन यांनी १९७२ साली मांडला; अंथरुणावरचा वेळ तोडण्याची युक्ती स्पीलमन यांनी १९८७ साली सांगितली. जुनाट निद्रानाशावर, म्हणजे आठवड्यातून तीन रात्री व तीन महिन्यांहून अधिक चाललेल्या निद्रानाशावर, गोळीच्या आधी हाच उपचार करावा, असे तेथील वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. ज्यांना फेफरे येते, ज्यांच्या मनाला उन्माद व खिन्नता यांचे आळीपाळीने झटके येतात, किंवा जे रात्री वाहन चालवितात, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीवाचून झोप तोडू नये.

आपण म्हणाल, गुरुजींनी विषय सोडला, वनस्पतींचे काय? वनस्पतींकडेच येतो. परंतु त्याआधी चरकसंहितेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ होत, असे तेथे म्हटले आहे. गेलेली निद्रा परत आणण्याचे उपायही सूत्रस्थानात दिले आहेत. त्यांत अंगाला तेल लावणे आहे, स्नान आहे, दूध व भात आहे, अंग रगडणे आहे, आवडता सुगंध व गोड स्वर आहेत, नीट घातलेले अंथरूण आहे, झोपेची योग्य वेळ आहे आणि मनाचे सुख आहे. वनस्पतींच्या मुळ्यांची लांबलचक यादी तेथे नाही. निद्रा घालविणाऱ्या कारणांत मात्र भय, चिंता व क्रोध स्पष्टपणे सांगितले आहेत. म्हणजे आमच्या प्राचीन आचार्यांनीही झोप बाटलीत शोधली नव्हती; दिनचर्येत आणि मनात शोधली होती. आपण त्यांचे नाव घेतो आणि त्यांनी सांगितलेल्या उपायांपैकी जेवढे दुकानात विकत मिळते तेवढेच उचलतो.

आता एकेका औषधीविषयी, मला जे खात्रीने समजले आहे ते सांगतो.

गवती चहा, तुळस, बडीशेप, वाळा यांचे नुसते पाणी, चहाच्या पुडीवाचून घेतले तर सर्वसाधारण प्रकृतीस निरुपद्रवी व रुचकर आहे. ते झोप आणीलच असा दावा मी करणार नाही. परंतु रात्री चहाच्या ठिकाणी ते आले तर चहा सुटतो, हाच मोठा लाभ. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी व अर्धा पेलाच घ्यावे. नाहीतर लघवीसाठी उठण्यातच रात्र जाईल.

कॅमोमाइल ही आपल्या शेवंतीच्या कुळातील वनस्पती. तिच्यावर काही लहान प्रयोग झाले आहेत. चिंता थोडी उतरते असे त्यांत दिसले, झोपेविषयी पुरावा दुबळा आहे. शेवंतीच्या कुळातील फुलांनी ज्यांना शिंका येतात वा अंगावर पित्त उठते त्यांनी ती टाळावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये.

ब्राह्मीविषयी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, त्या नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी, जिचे पान वाटोळे असते. आपण कोणती घेत आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिच्या गुणाविषयी साक्ष देऊ नये. जटामांसी हिमालयातील, ती इतकी उपसली गेली आहे की, नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरील वनस्पतींत तिची गणना होते. स्वस्तात मिळणारे चूर्ण खरोखरच जटामांसीचे आहे काय, ही शंका घ्यावयास जागा आहे. तगर ही विलायती व्हॅलेरियनची बहीण. त्या व्हॅलेरियनचा निद्रानाशावर उपयोग करू नये, असाच सल्ला अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१७ साली दिला. कारण गुण आल्याचा पुरावा पुरेसा सापडला नाही.

अश्वगंधाचे लॅटिन नावच 'सोम्निफेरा', म्हणजे निद्रा आणणारी, असे आहे. तिच्या मुळीच्या अर्कावर आपल्या देशात प्रयोग झाले आहेत. चिंता व झोप या दोहोंत काही सुधारणा दिसली, परंतु प्रयोग लहान व थोड्या आठवड्यांचे होते. दुसरी बाजूही आहे. काही थोड्या लोकांच्या यकृतास तिने अपाय झाल्याची नोंद आहे. डेन्मार्क देशाने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये, आणि थायरॉइड ग्रंथीचा विकार असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून मुळीच घेऊ नये. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

'वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य मी या सभेत येताना मंडपाच्या दारातच दोनदा ऐकले. त्याला उत्तर म्हणून सर्पगंधेचा इतिहास सांगतो. आपल्या देशात ती फार काळापासून वेड व निद्रानाश यांवर देत असत. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी तिच्यावर निबंध लिहिला. १९४९ साली आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचा अनुभव इंग्लंडच्या हृदयविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे डोळे तिच्याकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. काही वर्षे मनोरुग्णालयांतून ते सर्वत्र वापरले गेले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. ही आपल्या अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु त्याच औषधाने काही रुग्णांचा रक्तदाब फार उतरे, काहींना घोर खिन्नता येई. म्हणून पुढे ते मागे पडले. वनस्पती खरी होती, गुण खरा होता आणि अपायही तितकाच खरा होता. जिच्यात गुण आहे तिच्यात सामर्थ्य आहे, आणि जिच्यात सामर्थ्य आहे ती चुकीच्या मात्रेत घात करणारच.

अफू ही देखील झाडाचीच ना? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. त्या माता क्रूर नव्हत्या, लाचार होत्या. मूल शांत झोपले एवढेच त्यांना दिसे. पाळणा हलवावयास घरी कोणी नव्हते, हा खरा रोग होता, आणि त्याच्यावर गोळी हे औषध नव्हते.

बंधुभगिनींनो, आता ती दुसरी गोष्ट. आपल्या वधूवर सूचक समितीचे काम मी काही वर्षे केले, हे आपणांस माहीत आहे. २०२१ साली आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीला रात्री झोप येत नसे, छातीत धडधडे, हात कापत, क्षुल्लक कारणावरून रडू येई, अंग वाळत चालले होते. एक चांगले स्थळ जमत आले होते. त्यांनी विचारले, "गुरुजी, हिला मनाच्या डॉक्टरांकडे न्यावे काय?" मी काय उत्तर दिले ते अक्षरशः सांगतो. मी म्हणालो, "एवढ्यात नेऊ नका. वार्ता फुटली तर स्थळ हातचे जाईल. मुलगी हळवी आहे, इतकेच. दुधातून अश्वगंधा द्या, रात्री तुळशीचा काढा द्या. लग्न झाले की सारे ठीक होईल."

जायफळाने ज्याला नुकताच धडा शिकविला होता, त्या माणसाने हे सांगितले. स्वतःच्या देहाविषयी मी शहाणा झालो होतो; दुसऱ्याच्या मुलीविषयी मात्र मला प्रथम स्थळ दिसले.

सात महिने ती मुलगी चूर्ण व काढा घेत राहिली. एके दिवशी ती बसस्थानकावर कोसळली. नाडी अनियमित झाली होती. रक्त तपासले तेव्हा थायरॉइड ग्रंथी अतिशय जोराने काम करीत असल्याचे आढळले. धडधड, कंप, अनिद्रा, चिडचिड, अंग वाळणे ही साऱ्या जगास ठाऊक असलेली त्या विकाराची लक्षणे आहेत आणि एका साध्या रक्ततपासणीने तो कळतो. डॉक्टरांनी अश्वगंधाचे चूर्ण त्याच क्षणी बंद करावयास सांगितले. कारण त्याने त्या ग्रंथीचा स्राव वाढू शकतो. म्हणजे मी सांगितलेले निरुपद्रवी औषध बहुधा आगीत तेल ओतीत होते. मुलीने दीड वर्ष गोळ्या घेतल्या. आज तिची प्रकृती उत्तम आहे आणि ती नोकरी करते. तिचे लग्न झाले की नाही, हे मी सांगणार नाही. कारण आपल्या सभांतून मुलीच्या प्रकृतीचा प्रत्येक वृत्तांत त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो, आणि मला आज तो तेथे थांबू द्यावयाचा नाही.

मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ही गोष्ट नाव न घेता सांगण्याची अनुमतीही तिनेच दिली. ती मला म्हणाली, "गुरुजी, थायरॉइड निघाला म्हणून घरात सर्वांना हायसे वाटले. मनाचा आजार निघाला असता, तर तुम्ही आज क्षमा मागायला आला असता का?"

मला उत्तर देता आले नाही. आज या व्यासपीठावरून देतो. त्या दिवशी मी बहुधा आलो नसतो. परंतु यावयास हवे होते. मनाचा आजार हा थायरॉइडइतकाच आजार आहे. त्यालाही लक्षणे आहेत, उपचार आहेत, आणि उपचाराने माणसे बरी होतात. त्यात कुळाला बट्टा लागण्यासारखे काहीही नाही. बट्टा लागत असेल तर तो आपल्या कुजबुजीने लागतो.

काढ्याने अपाय होतो असे मी म्हणत नाही. काढा जेव्हा पडद्याचे काम करतो तेव्हा अपाय होतो. घरात कोणी झोपत नाही, हे दिसत असते. विचारण्याचे धैर्य नसते, दवाखान्यात नेण्याची लाज असते. म्हणून आपण पेला भरून पुढे ठेवतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. माझ्या आक्कांनी जायफळ पाठविले, व्याह्यांनी चूर्ण पाठविले; त्यांच्या मायेबद्दल मी ऋणी आहे. परंतु त्या सबंध हिवाळ्यात माझ्यापाशी येऊन कोणी एक संध्याकाळ बसला असता, तर मी ते जायफळ किसले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

यासाठी काही व्यवहाराच्या सूचना करून भाषण आवरते घेतो.

पहिली : काढा घ्यावयाचा तर एका वेळी एकच औषधी, थोड्या मात्रेत, आणि कोणती व किती हे वहीत लिहून. पंधरा दिवसांत गुण नाही तर मात्रा वाढवू नये; बंद करून वैद्यांकडे वा डॉक्टरांकडे जावे. तेथे गेल्यावर घरी काय काय घेतो ते सर्व सांगावे. काढा हे औषधच आहे. तो लपवू नये.

दुसरी : दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. उठण्याची वेळ रोज एकच असावी; रात्री झोप झाली असो वा नसो. झोपण्याआधीचा तास भ्रमणध्वनीवाचून काढावा.

तिसरी : पुढील लक्षणे असता घरगुती उपचारांत एक दिवसही दवडू नये. वजन उतरणे, हात कापणे, छातीत दुखणे अथवा सतत धडधड. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबणे. महिनाभर कशातच मन न लागणे. आणि जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. हे शेवटचे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले, त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दूरध्वनी करण्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.

चौथी : आपल्यापैकी कित्येक वडीलधारी मंडळी झोपेची गोळी वर्षानुवर्षे घेतात, हे मला ठाऊक आहे. माझे भाषण ऐकून ती आज रात्री एकदम टाकू नये. दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी एकाएकी बंद केली तर झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. तिच्यावर आणखी काढा किंवा मद्य मात्र घेऊ नये. रात्री तोल जाऊन मांडीचे हाड मोडलेली माणसे आपल्याच गावांत आहेत.

पाचवी सूचना संस्थेसाठी आहे. आपल्या वधूवर नोंदणीच्या वेळी 'घराण्यात कोणाला मनाचा विकार आहे काय' अशी जी मागल्या दाराने चौकशी होते, ती समितीच्या सभासदांनी स्वतः बंद करावी. दोन्ही घरांनी एकमेकांना खरे सांगावे, पण ते समोरासमोर व विश्वासाने. समितीने हेरगिरी करू नये. तसेच ज्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, जेथे कोणी निवृत्त होऊन एकटा पडला आहे, किंवा जेथे मूल दूर देशी गेले आहे, त्या घरी शाखेतील एकाने आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन बसावे. बोलणे सुचले नाही तरी चालेल. गवती चहाची चार पाती घेऊन जावी, पाणी उकळावे, पूड घालू नये, आणि दोघांनी मिळून प्यावे. मी माझ्या शाखेत गेले वर्षभर हा परिपाठ ठेवला आहे. दर गुरुवारी दोन घरी जातो. पुढच्या गुरुवारपासून ज्यांना माझ्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.